पेशी निवडणारं यंत्र आणि त्याला शिकवणारी माणसं

कुणाच्या भाकऱ्या चालल्या असतील, कुणी धारा काढायच्या तयारीत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तुम्हीच दिलाय. गटांच्या बैठकांत हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्या भाच्याला, कुणाच्या नातीला ब्लड कॅन्सर निघाला. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे 'फ्लो' नावाची तपासणी सांगितली. पूर्ण नाव फ्लो सायटोमेट्री. मग कुणीतरी सांगतं की ही तपासणी आता कॉम्प्युटरच वाचतो, त्याला शिकवून ठेवलंय. ऐकणाऱ्या आईच्या पोटात गोळा येतो. लेकराचं औषध वाढवायचं की आहे तेच ठेवायचं हे त्या कागदावरून ठरणार, आणि तो कागद म्हणे यंत्र लिहिणार! म्हणून आम्ही हा विषय बसून समजून घेतला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

आधी रक्ताकडे बघू. रक्ताच्या एका थेंबात वीस-पंचवीस कोटी तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या पेशी दोन ते पाच लाख. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. पण सगळे राखणदार एका कामाचे नसतात. कुणी जंतू गिळतं, कुणी जंतूंवर सोडायची अस्त्रं बनवतं, कुणी दुसऱ्याला हुकूम देतं. गंमत अशी की यातल्या काही जाती सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसतात. दोन जुळ्या बहिणी एकाच रंगाचं लुगडं नेसून उभ्या राहिल्या तर घरची माणसंही फसतील, तसं.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक पेशीच्या अंगावर, म्हणजे तिच्या बाहेरच्या पापुद्र्यावर, काही खुणा असतात. त्या खुणांना नंबर दिलेत आणि नंबराच्या आधी 'सीडी' लावतात. सीडी ३, सीडी ४, सीडी १९ असे आज साडेतीनशेच्या वर नंबर आहेत. एका ठरावीक खुणेलाच जाऊन चिकटेल असं द्रव्य बनवता येतं. ते हवं तेवढं बनवायची युक्ती १९७५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला केलर आणि मिलस्टीन या दोघांना सापडली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या द्रव्याला चमकणारा रंग जोडायचा. सीडी १९ ला हिरवा, सीडी १० ला लाल, असं. ज्या पेशीवर ती खूण आहे तीच त्या रंगाने चमकणार.

आता यंत्र. रंग लावलेल्या पेशी खारट पाण्यात सोडतात आणि ते पाणी इतक्या बारीक धारेतून नेतात की पेशी एकामागून एक, पंढरीच्या दर्शनबारीत माणसं सरकतात तशा, पुढे जातात. वाटेत लेझरचा झोत असतो. पेशी झोतात आली की यंत्र टिपून घेतं की ही किती मोठी, आतून किती दाणेदार, कोणत्या रंगाने किती चमकली. सेकंदाला हजारो पेशी. प्रत्येक पेशीचे दहा-बारा आकडे लिहून ठेवले जातात. हीच फ्लो सायटोमेट्री.

तुमच्यातल्या गायी पाळणाऱ्यांनी या यंत्राचा माल वापरलाय, फक्त नाव माहीत नसेल. कालवडच व्हावी म्हणून कृत्रिम रेतनाची जी वेगळी, महागाची कांडी मिळते ती याच जातीच्या यंत्रातून येते. कालवडीचा शुक्राणू गोऱ्ह्याच्या शुक्राणूपेक्षा आतल्या गुणसूत्रांच्या मापात शंभरात जेमतेम चार इतका भारी असतो. रंग लावून लेझरसमोर नेला की तेवढाच जास्त चमकतो, आणि यंत्र त्याला बाजूला काढतं. म्हणून त्या कांडीने शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. दहा वेळा गोऱ्हा होतोच, तेव्हा कांडी देणाऱ्याशी भांडायला जाऊ नका. आणि एक सांगून ठेवतो, हे गायीपुरतं. माणसात मुलगा-मुलगी निवडणं आपल्याकडे गर्भ राहण्याआधीही गुन्हा आहे आणि नंतरही.

एचआयव्हीच्या औषधांसाठी एआरटी केंद्रात जाणाऱ्या मैत्रिणींना 'सीडी फोर'चा आकडा माहीत आहे. तोही याच रीतीने मोजतात. निरोगी माणसात तो साधारण पाचशे ते दीड हजार असतो, दोनशेच्या खाली गेला की धोका वाढतो. २०१७ पासून आपल्याकडे हा आकडा कितीही असला तरी औषध लगेच सुरू करतात, त्यामुळे "माझा सीडी फोर चांगला आहे, मला गोळ्या कशाला" असं कुणी म्हणू नये. सीडी फोर मोजणारी छोटी यंत्रं कितीतरी वर्षांपासून आकडा स्वतःच काढून कागद छापून देतात. म्हणजे यंत्राने पेशी ओळखणं ही काही कालची गोष्ट नाही. तिथे काम सोपं आहे, कारण दोन-तीन रंग आणि ठरलेल्या जाती. कॅन्सरमध्ये मात्र काम अवघड होतं.

ते का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

यंत्राने लिहून ठेवलेले आकडे डॉक्टर पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात बघतात. आडव्या रेघेवर एक रंग, उभ्या रेघेवर दुसरा. प्रत्येक पेशी म्हणजे एक ठिपका. सारख्या पेशींचे ठिपके एका जागी गोळा होतात, जणू पडद्यावर मुंग्यांची वारुळं दिसावीत. डॉक्टर माउस धरून एकेका पुंजक्याभोवती कुंपण घालतात. याला ते 'गेट' म्हणतात. मग त्या कुंपणातल्याच पेशी घेऊन दुसऱ्या दोन रंगांवर मांडायच्या, पुन्हा कुंपण, पुन्हा दुसरे दोन रंग. बारा आकडे असले तर दोन-दोनच्या सहासष्ट जोड्या होतात. सगळ्या बघत नाहीत, पण बऱ्याच बघाव्या लागतात. एका नमुन्यावर अर्धा तास, कधी त्याहून जास्त जातो. आणि कुंपण नक्की कुठून न्यायचं हे हातावर आणि नजरेवर अवलंबून असतं. दोन अनुभवी डॉक्टरांना एकच नमुना दिला तर दोघांच्या कुंपणात थोडा फरक पडतो. दोन बायकांनी एकच पायली तांदूळ निवडला तरी बाजूला काढलेली कणी मापात सारखी भरत नाही.

पुंजका मोठा असेल तर एवढ्याशा फरकाने बिघडत नाही. पण मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये उपचार सुरू होऊन महिना झाला की डॉक्टर कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना घेतात आणि त्यात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी शोधतात. या तपासणीला एमआरडी म्हणतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरात पाच पेशी असतील तर भरवशाने कळतात, त्याहून कमी असल्या की नजर चुकते. फ्लोमध्ये दहा हजारांत एक पेशी असली तरी सापडू शकते. म्हणून पाच-दहा लाख पेशी यंत्रातून सोडतात आणि त्यात पन्नास-शंभर वाईट पेशींचा छोटासा पुंजका आहे का ते बघतात. असला तर औषध कडक करायचं. नसला तर आहे त्याच औषधावर पुढे जायचं, उगाच जास्त विष लेकराच्या अंगात घालायचं नाही. दोन्हीकडे चूक महागात पडते.

यात आणखी एक पेच आहे. औषधाने मगज उजाड होतो, मग हळूहळू नव्या चांगल्या पेशी उगवायला लागतात. या कोवळ्या चांगल्या पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्याच दिसतात, त्यांच्या अंगावर सीडी १९ आणि सीडी १० याच खुणा असतात. फरक असतो तो कुठला रंग किंचित जास्त, कुठला किंचित कमी, एवढाच. तांदळातला काळा खडा कुणीही काढेल. पांढरा गारगोटीचा खडा काढायला मुरलेली नजर लागते, आणि दाताखाली येतो तोच. ही नजर असलेले डॉक्टर थोडे आहेत. आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथे पोरं येतात ती नुसती महाराष्ट्रातली नाहीत, देशभरातली. नमुने वाढत जातात, डोळे तेवढेच. इथे कॉम्प्युटरला शिकवायचा विचार पुढे आला.

कॉम्प्युटर शिकतो म्हणजे काय करतो? याला न्यूरल नेटवर्क म्हणतात, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून नाव पडलंय. नाव मोठं आहे, पण रीत आपल्या घरातली आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला तांदूळ निवडायला बसवताना आपण तिला खड्याची व्याख्या सांगत नाही. सूप पुढे ठेवतो आणि म्हणतो, हा बघ खडा, ही कणी, हे साल न निघालेलं भात. ती काहीतरी काढते, आपण म्हणतो, अगं हा चांगला दाणा आहे, ठेव परत. असं शंभरदा झालं की तिची नजर बसते. कशी बसली ते तिलाही सांगता येत नाही.

नेटवर्कचंही असंच. डॉक्टरांनी कुंपण घालून नावं दिलेल्या लाखो पेशी त्याच्यापुढे ठेवतात. पेशीचे बारा आकडे आत जातात. आत छोटे छोटे हिशोबनीस आहेत असं समजा. प्रत्येक जण कुठल्या आकड्याला किती वजन द्यायचं ते ठरवून बेरीज करतो आणि पुढच्या रांगेतल्या हिशोबनिसांकडे सरकवतो. शेवटी उत्तर बाहेर येतं की ही पेशी वाईट. डॉक्टरांचं उत्तर असतं की नाही, चांगली. मग जेवढी चूक, तेवढा ठपका मागे मागे सगळ्या हिशोबनिसांवर वाटला जातो आणि प्रत्येकाचं वजन किंचित बदलतं. पुन्हा पुढची पेशी. लाखो वेळा. कुणी नियम लिहून देत नाही, वजनं बदलत बदलत बसतात. एकदा बसली की नवा नमुना तो काही सेकंदांत निवडून दाखवतो, आणि दर वेळी त्याच हाताने. दुपारी डोळ्यावर झापड येत नाही, घरी पोरगं तापाने फणफणलंय म्हणून लक्ष उडत नाही.

दुसरीही एक रीत आहे, तिच्यात नावं द्यावी लागत नाहीत. नुसत्या पेशी ओतायच्या आणि नेटवर्कने सारख्याला सारखं लावत ढीग करायचे. ढिगाला नाव माणसाने द्यायचं. फिनलंडच्या कोहोनेन यांनी १९८० च्या दशकात असं जाळं मांडलं होतं. त्याचाच आधार घेऊन बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मंडळींनी २०१५ साली पेशींसाठी फ्लोसॉम नावाचा प्रोग्रॅम केला. तो आज जगभर वापरात आहे.

पण पहिल्या काही प्रयोगांत रक्त नव्हतंच, समुद्राचं पाणी होतं. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. अमेरिकेत एमआयटीत सॅली चिशोम नावाच्या बाई समुद्रातल्या अतिसूक्ष्म हिरव्या जिवांचा अभ्यास करतात. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फ्लो सायटोमीटर थेट जहाजावर चढवला आणि अटलांटिकचं पाणी त्यातून सोडलं. पडद्याच्या अगदी कडेला काही फिकट ठिपके दिसत होते. आधी वाटलं, यंत्राचीच खरखर असेल. पण त्यांनी ते ठिपके सोडून दिले नाहीत, आणि तो एक नवाच जीव निघाला. १९८८ साली त्यांनी तो जगापुढे मांडला, प्रोक्लोरोकॉकस त्याचं नाव. उन्हावर अन्न तयार करणाऱ्या जिवांमध्ये पृथ्वीवर संख्येने सगळ्यात जास्त तोच आहे, आणि तोवर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८९ ला, याच मंडळींनी समुद्रातले सूक्ष्म जीव ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरून दाखवलं. आता बघा, माहीत असलेल्या जाती शिकवलेलं नेटवर्क त्यांच्याकडे आधीच असतं, तर ते कडेचे ठिपके त्याने खरखर म्हणून झाडून टाकले असते. तेच नेटवर्क पुढे त्यांनीच बनवलं, पण नवा जीव सापडला तो माणसाच्या शंकेमुळे.

रक्ताच्या कामात किती जमलं, तेही सांगतो. जगभरच्या संशोधकांनी आपापले प्रोग्रॅम एकाच नमुन्यांवर चालवून बघायच्या स्पर्धा घेतल्या, त्यांचा निकाल २०१३ साली छापून आला. काही कामांत प्रोग्रॅम माणसाच्या तोडीस तोड निघाले. आणि कुठल्याही एका प्रोग्रॅमपेक्षा सगळ्यांचं मिळून केलेलं मत सरस ठरलं. हे ऐकून आमच्या गटातल्या बायका म्हणाल्या, यात नवल ते काय, बैठक घेतल्याशिवाय कर्ज कुठे वाटतो आपण!

२०२२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या एका ब्लड कॅन्सरसाठी अशी घडी बसवली की आधी नेटवर्कने निवडायचं आणि मग माणसाने तपासायचं. त्यात वेळ बराच वाचला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या संशोधकांनी मुलांच्या ब्लड कॅन्सरसाठी एक नेटवर्क मांडलं. त्यांचे नमुने व्हिएन्ना, बर्लिन आणि थेट अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सचे होते. एका शहराच्या नमुन्यांवर शिकवायचं आणि दुसऱ्या शहराच्या नमुन्यांवर परीक्षा घ्यायची, अशी त्यांची रीत. ते नेटवर्क एकेक पेशी सुटी बघत नाही, सगळा नमुना समोर ठेवून त्यात ही पेशी कुठे बसते ते बघतं. बरोबरच आहे. जुना तांदूळ सगळाच पिवळसर असतो, त्यात पिवळा दाणा खराब धरायचा नसतो. नव्या पांढऱ्या तांदळात तोच दाणा डोळ्यावर येतो.

शहरं बदलून परीक्षा का घ्यायची? कारण प्रत्येक ठिकाणचं यंत्र वेगळं, लेझर वेगळा, रंगाच्या बाटल्या वेगळ्या. एका ठिकाणचा हिरवा दुसऱ्या ठिकाणी फिका उमटतो. एका दवाखान्यात शंभर नंबरी चाललेलं नेटवर्क दुसऱ्या दवाखान्यात गडबडू शकतं. त्यामुळे परदेशात बनलेला प्रोग्रॅम आपल्याकडे आणला, की आधी आपल्या नमुन्यांवर, आपल्या यंत्रावर त्याची परीक्षा झाली पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. बियाणं दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी आपण आधी दोन वाफ्यांत लावून बघतो.

जाहिरातीत टक्के सांगतात, त्याबद्दलही सावध राहायला हवं. समजा कुणी म्हणालं, आमचा प्रोग्रॅम ९९.९९ टक्के अचूक आहे. ऐकायला केवढं भारी! पण दहा हजार पेशींत एकच वाईट असेल आणि प्रोग्रॅमने डोळे मिटून "सगळ्या चांगल्या" असं म्हटलं, तरी दहा हजारांतली नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव उत्तरं बरोबर आली. म्हणजे ९९.९९ टक्के अचूक, आणि शोधायची होती तीच निसटली. विचारायचं ते हे की वाईट पेशी होत्या तेव्हा किती वेळा सापडल्या, आणि नव्हत्या तेव्हा किती वेळा उगाच सापडल्या म्हणून सांगितलं.

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. तांदूळ निवडणाऱ्या पोरीला सुपात कधी न पाहिलेलं काही दिसलं, समजा काचेचा तुकडा, तर ती हात थांबवून विचारते, "आई, हे काय गं?" साधं नेटवर्क असं विचारत नाही. त्याला पाच ढीग शिकवले असतील तर सहाव्या जातीची पेशीही तो त्या पाचांतल्याच एका ढिगात टाकतो, आणि ठामपणे टाकतो. "मला कळत नाही" म्हणायचं त्याला मुद्दाम शिकवावं लागतं. तसं शिकवायचं काम चालू आहे, पण ते केलेलं आहे की नाही हे प्रोग्रॅमगणिक वेगळं.

हा धोका आपल्या दारापर्यंत आलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या देशात कार-टी नावाच्या उपचाराला मंजुरी मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तो उभा राहिला, नाव नेक्सकार१९. रुग्णाच्याच राखणदार पेशी बाहेर काढून त्यांना सीडी १९ ही खूण हेरायला शिकवतात आणि परत अंगात सोडतात. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण अशा उपचारानंतर काही रुग्णांत कॅन्सरच्या पेशी हुशारी करतात, ती सीडी १९ची खूणच अंगावरून टाकून देतात. चोराने लाल सदरा काढून टाकावा, तसं. आता ज्या नेटवर्कला शिकवलंय की वाईट पेशी सीडी १९ वाल्यांमध्येच शोध, ते सगळं शोधेल आणि सांगेल, काही नाही. डॉक्टरला मात्र या पोराला कोणता उपचार झालाय ते माहीत असतं. ते म्हणतात, थांबा, दुसऱ्या खुणांनी बघू.

तर आयांना पडलेल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. जिथे अशी नेटवर्क वापरात आली आहेत तिथे ती निवडून ढीग पुढे ठेवतात, आणि ढीग बघून रिपोर्टवर सही डॉक्टर करतात. कॉम्प्युटरला भिऊ नका, त्याच्यामुळे डॉक्टरांचा सोप्या नमुन्यांवरचा वेळ वाचला तर तो अवघड नमुन्यांना मिळेल. पण सही कोणाची आहे हे मात्र विचारा. विचारण्यात काही वावगं नाही.

आणि आपल्या हातात असलेल्या दोन-तीन गोष्टी. रोग निघाला तेव्हाचा पहिला फ्लो रिपोर्ट जिवापाड सांभाळा. प्रत्येक पोराच्या कॅन्सरच्या पेशींची खुणांची ठेवण वेगळी असते, ती त्या पहिल्या कागदावर लिहिलेली असते. महिन्याने वाईट पेशी शोधताना डॉक्टर त्याच ठेवणीशी ताडून बघतात. दवाखाना बदलला, गावाजवळ उपचार घ्यायचे ठरले, तर तो कागद सोबत गेलाच पाहिजे. मोबाईलवर फोटो काढून गटातल्या आणखी एकीकडे पाठवून ठेवा. घर गळतं, कागद भिजतो.

मगजाच्या नमुन्याची तारीख चुकवू नका. पेशी जिवंत असतानाच तपासाव्या लागतात, नमुना दिवसचे दिवस ठेवता येत नाही. कधी रिपोर्टवर लिहिलेलं असतं की नमुन्यात रक्त मिसळून तो पातळ झालाय. तेव्हा "वाईट पेशी नाहीत" या उत्तराचं वजन कमी होतं. डॉक्टर पुन्हा नमुना घ्यायचा म्हणाले तर ते पैशांसाठी सांगतायत असं समजून उठून येऊ नका, कारण विचारा.

आणि एमआरडी निगेटिव्ह आला, की पेढे जरूर वाटा, पण औषध थांबवू नका. निगेटिव्ह म्हणजे दहा हजारांत एकही सापडली नाही एवढंच. त्याच्या खाली अंगात अजून काही कोटी वाईट पेशी दडलेल्या असू शकतात, या तपासणीत न दिसणाऱ्या. म्हणूनच मुलांच्या या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. जिथे तो पूर्ण घेतला जातो, सोयी चांगल्या असतात, तिथे दहांतली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. पोरगं खेळायला लागलं, केस परत आले, शेतात कामाची घाई आहे, एसटीचं भाडं परवडत नाही, म्हणून मधेच उपचार सुटतात. तुमच्या गटात असं एखादं घर असेल तर येत्या बैठकीत त्या पोराच्या पुढच्या तारखेचा आणि कुणी सोबत जायचं याचा विषय घ्या.